थिओडोर गॉर्डन

थिओडोर गॉर्डन (१८ सप्टेंबर, १८५४, पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया – १ मे, १९१५, नेव्हरसिंक, न्यू यॉर्क राज्य) हे गळाने ट्राउट मासे धरणारे अमेरिकन छंदी, कृत्रिम माश्या बांधणारे कारागीर आणि मासेमारीविषयक नियतकालिकांतील लेखक होते. पाण्यावर तरंगणाऱ्या कृत्रिम माशीने, म्हणजे ‘ड्राय फ्लाय’ने, ट्राउट पकडण्याची इंग्लंडमधील पद्धत अमेरिकेतील खळाळत्या नद्यांना साजेशी करून घेण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यामुळे अमेरिकी ड्राय फ्लाय मासेमारीचे जनक असा त्यांचा उल्लेख होतो. ‘क्विल गॉर्डन’ ही त्यांच्या नावाने ओळखली जाणारी माशी आजही बांधली व वापरली जाते. हयातीत त्यांचे एकही पुस्तक प्रकाशित झाले नाही. त्यांची कीर्ती नियतकालिकांतील टिपणे, मित्रांना लिहिलेली पत्रे आणि हिवाळ्याच्या दीर्घ महिन्यांत एकट्याने बसून बांधलेल्या माश्या यांवर उभी आहे.

पार्श्वभूमी

ट्राउट हा थंड, स्वच्छ व प्राणवायूने समृद्ध अशा वाहत्या पाण्यात राहणारा मासा आहे. पाण्यातील आणि पाण्यावर उतरणारे कीटक हे त्याचे महत्त्वाचे खाद्य. गांडूळ किंवा लहान मासा गळाला लावून तो पकडता येतो. परंतु गळाच्या आकड्यावर पिसे, केस व रेशीम बांधून कीटकाची नक्कल करायची आणि तिला भुलवून मासा धरायचा, ही कला युरोपात कित्येक शतके चालत आली आहे. अशी माशी वजनाने जवळजवळ नसल्यासारखीच असते. त्यामुळे ती लांब फेकण्यासाठी लवचीक काठी आणि वजनदार दोरी लागते. फेकली जाते ती दोरी, माशी केवळ तिच्यामागून जाते.

माशी दोन प्रकारांनी वापरतात. पाण्याखाली बुडणारी ती ओली माशी आणि पृष्ठभागावर तरंगणारी ती कोरडी माशी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण इंग्लंडमधील टेस्ट, इचेन यांसारख्या चुनखडीच्या प्रदेशातील संथ, नितळ नद्यांवर कोरड्या माशीचे जणू शास्त्रच तयार झाले. त्याचे प्रमुख प्रवर्तक फ्रेडरिक हॅलफर्ड (१८४४–१९१४) हे होते. तरंगत्या माश्या बांधण्यावरील त्यांचा ग्रंथ १८८६ मध्ये आणि त्या माश्यांनी मासे धरण्याच्या पद्धतीवरील ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत मात्र त्या काळी ओल्या माश्यांचीच चलती होती. अनेकदा भडक रंगांच्या दोन-तीन माश्या एकाच दोरीला बांधून प्रवाहात सोडल्या जात. त्या कोणत्याही विशिष्ट कीटकासारख्या दिसाव्यात अशी फारशी अपेक्षाही नसे.

बालपण आणि तारुण्य

गॉर्डन यांचा जन्म सुस्थितीतील कुटुंबात झाला. ते लहान असतानाच वडिलांचे निधन झाले. त्यांची प्रकृती बालपणापासून नाजूक होती. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइलच्या परिसरात चुनखडीच्या झऱ्यांवर पोसलेले ओढे आहेत. तेथे लहानपणी त्यांना मासेमारीची गोडी लागली. थॅडियस नॉरिस यांचा अमेरिकी मासेमारीवरील ग्रंथ १८६४ साली प्रसिद्ध झाला होता. त्या पुस्तकावरून गॉर्डन माशी बांधायला शिकले. समोर बसून शिकवणारा गुरू त्यांना लाभला नाही, ही गोष्ट त्यांच्या पुढील कामाकडे पाहताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुस्तकात वाचायचे, हाताने करून पाहायचे आणि नदीवर नेऊन तपासायचे, हीच त्यांची रीत आयुष्यभर राहिली.

तारुण्यात त्यांनी काही काळ दक्षिणेकडील राज्यांत अर्थव्यवहाराशी संबंधित काम केले. पुढे कुटुंबाची आर्थिक स्थिती खालावली आणि त्यांच्या प्रकृतीनेही साथ दिली नाही. ते अविवाहित राहिले. शहरी व्यवसायातून ते हळूहळू दूर झाले आणि न्यू यॉर्क राज्यातील कॅट्सकिल पर्वतराजीच्या नद्यांकडे ओढले गेले. नेव्हरसिंक, बीव्हरकिल, विलोविमॉक आणि एसोपस या नद्या त्यांच्या लेखनात वारंवार येतात. त्यांतही नेव्हरसिंकवर त्यांचा विशेष जीव होता.

कॅट्सकिलच्या नद्या आणि बदललेला मासा

गॉर्डन यांचे काम समजण्यासाठी त्या नद्यांवर काय घडले होते हे पाहणे आवश्यक आहे. कॅट्सकिलच्या उतारांवर हेमलॉक नावाच्या सूचिपर्णी वृक्षांची दाट अरण्ये होती. (सॉक्रेटिसला दिलेल्या विषाशी संबंधित हेमलॉक ही वेगळी वनस्पती होय.) या वृक्षांच्या सालीत कातडी कमावण्यासाठी लागणारे द्रव्य विपुल असते. एकोणिसाव्या शतकात तेथे कातडी कमावण्याचे कारखाने मोठ्या संख्येने निघाले. साल सोलण्यासाठी झाडे पाडली गेली आणि कारखान्यांचे सांडपाणी ओढ्यांत सोडले गेले. सावली गेल्यामुळे पाणी तापू लागले. रेल्वेमुळे शहरातील हौशी लोक एका दिवसात नदीवर पोहोचू लागले आणि मासे बेसुमार पकडले जाऊ लागले. त्या नद्यांतील मूळचा ‘ब्रुक ट्राउट’ हा मासा थंड पाण्यावर अवलंबून असणारा, काहीसा भोळा आणि सहज गळाला लागणारा होता. त्याची संख्या झपाट्याने घटली.

१८८३ मध्ये जर्मनीतून तपकिरी ट्राउटची, म्हणजे ‘ब्राउन ट्राउट’ची अंडी अमेरिकेत आली. लाँग आयलंडवरील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील मत्स्यबीज केंद्रात फ्रेड मॅथर यांनी ती उबवली आणि त्यानंतरच्या वर्षांत हा मासा पूर्वेकडील नद्यांत सोडण्यात आला. हाच मासा १९०० च्या सुमारास ब्रिटिशांनी काश्मीरच्या नद्यांतही नेला. तपकिरी ट्राउट अधिक उष्ण पाणी सहन करतो, मोठा होतो आणि सावध असतो. कोणता कीटक खायचा याविषयी तो चोखंदळ असून पृष्ठभागावरील कीटक पुष्कळ खातो. जुन्या भडक ओल्या माश्यांना तो सहजासहजी फसत नसे. अनेक जुन्या मासेमारांनी त्याला दूषणे दिली, नद्या बिघडवल्याचा ठपकाही ठेवला. गॉर्डन यांनी मात्र या परक्या माशात एक आव्हान पाहिले. आपल्या नदीत आता इंग्लंडमधलाच मासा राहतो, तर इंग्लंडची पद्धत येथे चालते का, असा सरळ प्रश्न त्यांनी स्वतःसमोर ठेवला.

हॅलफर्ड यांचे पत्र

गॉर्डन यांनी हॅलफर्ड यांचे ग्रंथ वाचून त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. २२ फेब्रुवारी १८९० रोजी हॅलफर्ड यांनी पाठविलेल्या उत्तरासोबत कोरड्या माश्यांच्या नमुन्यांचा एक संच होता. अमेरिकी मासेमारीच्या इतिहासात या पाकिटाला एखाद्या सनदेसारखे स्थान मिळाले आहे. ते पत्र व त्या माश्या पुढे न्यू यॉर्क येथील अँग्लर्स क्लबने जतन केल्या.

या घटनेचे महत्त्व अनेकदा वाढवून सांगितले जाते. कोरडी माशी या एका पाकिटातून अमेरिकेत आली असे म्हणणे बरोबर नाही. माशी कोरडी राखून पाण्यावर तरंगू देण्याचा उल्लेख नॉरिस यांच्या १८६४ च्या ग्रंथातच आढळतो. गॉर्डन यांचे खरे काम हे पाकीट हाती पडल्यानंतर सुरू झाले. हॅलफर्ड यांनी पाठविलेल्या माश्या अत्यंत सुबक होत्या, परंतु त्या टेस्ट नदीवरच्या कीटकांच्या नकला होत्या. नेव्हरसिंकवर निराळे कीटक उडत होते. शिवाय इंग्लंडमधील संथ पाण्यावर डौलाने तरंगणारी माशी कॅट्सकिलच्या दगडगोट्यांतून उसळणाऱ्या पाण्यात क्षणभरात भिजून बुडे. नमुना हुबेहूब उतरवणे सोपे होते. त्यामागचे तत्त्व उचलून नमुना बाजूला ठेवणे अवघड होते, आणि गॉर्डन यांनी तेच केले.

कीटकांचे निरीक्षण

गॉर्डन हे प्रशिक्षित कीटकशास्त्रज्ञ नव्हते. अमेरिकी नद्यांवरील कीटकांची मासेमारांना उपयोगी पडेल अशी शास्त्रशुद्ध ओळख करून देणारे पुस्तक त्यांच्या हयातीत उपलब्ध नव्हते. प्रेस्टन जेनिंग्ज यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला तो थेट १९३५ मध्ये. गॉर्डन यांच्यापाशी होते ते केवळ डोळे आणि सवड. कोणत्या आठवड्यात कोणता कीटक पाण्यातून वर येतो, त्याचे पंख कोणत्या छटेचे, अंग किती लांब, शेपटीचे तंतू किती, हे ते नदीकाठी बसून पाहत आणि टिपून ठेवत.

त्यांचे लक्ष प्रामुख्याने मेफ्लाय या कीटकवर्गाकडे होते. मेफ्लाय आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली अळीसारख्या अवस्थेत काढतो. पूर्ण वाढ झाल्यावर तो पंख घेऊन बाहेर येतो आणि थोडक्या काळात समागम करून, अंडी घालून मरतो. पाण्यावर बसलेला असताना त्याचे पंख शिडासारखे उभे असतात. एकाच जातीचे असंख्य कीटक एकाच वेळी पृष्ठभागावर आले की ट्राउट इतर सर्व सोडून तेवढेच खाऊ लागतो. अशा वेळी जवळ योग्य माशी नसेल, तर मासे डोळ्यांसमोर उसळत असतानाही हात हलवीत परतावे लागते.

कॅट्सकिलमध्ये वसंताच्या प्रारंभी, पाण्याचे तापमान १० अंश सेल्सियसच्या आसपास आले की, निळसर राखी पंखांचा एक मेफ्लाय दिसू लागतो. कीटकशास्त्रात तो एपिओरस या प्रजातीत मोडतो. साधारणपणे एप्रिलच्या अखेरीस त्याचा हंगाम असतो. वर्षातला हा पहिला महत्त्वाचा थवा होय. याच कीटकाशी क्विल गॉर्डन या माशीचे नाव जोडले गेले आहे.

क्विल गॉर्डन

या माशीचे अंग मोरपिसाच्या तंतूचे असते. भारतीय वाचकाला मोरपिसाचा डोळा परिचित आहे. त्या डोळ्याच्या भागातील एक तंतू घेऊन त्यावरची चमकदार लव नखाने किंवा खोडरबराने काढून टाकली की खाली एक अरुंद, चपटी पट्टी उरते. तिची एक कड गडद आणि दुसरी फिकट असते. ही पट्टी आकड्याच्या दांड्याभोवती शेजारी-शेजारी गुंडाळली म्हणजे गडद व फिकट वलये एकाआड एक उमटतात आणि मेफ्लायच्या उदरावरील खंडांचा आभास निर्माण होतो. रंग न लावता साधलेला हा परिणाम फार सुंदर असतो. मोरपिसाचा असा उपयोग इंग्लंडमधील कारागीर आधीपासून करत होते. तो गॉर्डन यांचा शोध नव्हे. ही पट्टी नाजूक असते आणि माशाच्या दाताने सहज तुटते. म्हणून तिच्यावर अतिशय बारीक तार उलट दिशेने फिरवली जाते.

पंखांसाठी गॉर्डन यांनी ‘वुड डक’ या अमेरिकी बदकाच्या कुशीवरील पिसे निवडली. ही पिसे लिंबासारख्या पिवळसर तपकिरी रंगाची असून त्यांवर बारीक काळसर रेघा असतात. इंग्लंडमध्ये पंखांसाठी पक्ष्यांच्या पंखातील पिसांचे सपाट तुकडे कापून वापरण्याची प्रथा होती. ते दिसायला रेखीव, परंतु काही वेळा फेकले की फाटून विस्कटतात. वुड डकच्या पिसाचे तंतू जुडीने उभे बांधून मध्ये दुभागले, तर पंख टिकाऊ होतात आणि त्यांतून प्रकाश आरपार जातो.

माशीला तरंगत ठेवते ती कोंबड्याच्या मानेवरील पिसाची झालर. पीस कडेने धरून आकड्याभोवती गुंडाळले की त्याचे तंतू सर्व बाजूंना काट्यांसारखे उभे राहतात आणि त्यांच्या टोकांवर माशी पाण्याच्या पृष्ठताणावर उभी राहते. संथ पाण्यात मऊ पीसही चालून जाते; खळाळत्या पाण्यात तंतू कडक व लवचीक हवेत. असे पीस पूर्ण वाढलेल्या कोंबड्याचेच मिळते, कोंबडीचे नव्हे. त्यातही गॉर्डन यांना हवी होती निळसर राखी छटा. ती निसर्गतः दुर्मीळ असते, आणि त्या छटेचा कडक पिसांचा कोंबडा त्याहून दुर्मीळ. चांगल्या राखी पिसांचा शोध हा त्यांच्या पत्रांतील कायमचा विषय आहे. विद्वानाने पोथीच्या शोधात राहावे तसे ते एखाद्या कोंबड्याच्या शोधात राहत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

क्विल गॉर्डनचे एकच एक निश्चित रूप गॉर्डन यांनी ठरवून दिले नव्हते. ऋतू, नदी आणि प्रकाश यांप्रमाणे ते तिची छटा कमी-अधिक गडद करत. आज दुकानात मिळणारी ठरावीक रूपाची माशी ही पुढच्या पिढ्यांनी केलेली निश्चिती आहे.

हिवाळ्यातील काम

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गॉर्डन यांचे वास्तव्य बारमाही कॅट्सकिलमध्येच होऊ लागले. न्यू यॉर्क शहराच्या वायव्येस सुमारे दीडशे किलोमीटरवर सुलिव्हन परगण्यात नेव्हरसिंकच्या काठी शेतकऱ्यांच्या घरी ते राहत. उन्हाळ्यात शहरातील पाहुण्यांनी गजबजणारा हा प्रदेश हिवाळ्यात अगदी ओस पडे. बर्फाने रस्ते अडत, नदीच्या कडा गोठत आणि महिनोन्महिने मासेमारी बंद राहे. आजारी फुप्फुसांच्या माणसाने असा हिवाळा तेथे एकट्याने काढणे सोपे नव्हते.

याच महिन्यांत त्यांचे खरे काम चाले. हिवाळ्यात माश्या बांधण्यामागे निव्वळ सवडीपेक्षा आणखी एक कारण असते. थंडीत कोंबड्याची पिसे पूर्ण भरलेली व सर्वाधिक चकाकदार असतात, आणि शिकारीच्या हंगामात मिळालेल्या बदकांची पिसेही हाताशी आलेली असतात. शेगडीजवळ, खिडकीच्या उजेडात, मेण लावलेल्या रेशमी दोऱ्याने ते एकेक माशी बांधत. आधी पंख उभे करायचे, मग शेपटीचे तंतू, मग मोरपिसाची पट्टी, शेवटी झालर आणि डोक्याशी गाठ. आकडा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा. एखादा वेढा जास्त पडला तरी माशी जड होते. गॉर्डन यांची माशी विरळ असे. तिच्यावर एकही अनावश्यक तंतू नसे. ज्यांना भरगच्च, झुपकेदार माश्या पाहण्याची सवय होती, त्यांना ती अपुरी वाटली असणार. पाण्यावर मात्र तीच जिवंत कीटकासारखी दिसे.

हे काम आता हौशीपुरते उरले नव्हते. माश्या बांधून विकणे हा त्यांच्या उपजीविकेचा भाग झाला होता. टपालाने मागण्या येत आणि टपालानेच माश्या रवाना होत. मासेमारीचा हंगाम जवळ येई तशी मागणी वाढे, आणि प्रकृती ढासळलेल्या माणसाला ती पुरी करणे जड जाई. बारीक कामाने डोळ्यांवर ताण येई तो निराळाच.

हिवाळा हा पत्रांचाही काळ होता. गावातला टपालाचा पिशवा हाच त्यांचा जगाशी मुख्य दुवा. लंडनहून निघणाऱ्या ‘फिशिंग गॅझेट’ या साप्ताहिकात ते १८९० पासून लिहीत होते. आर. बी. मार्स्टन हे त्याचे संपादक होते. पुढे अमेरिकेतील ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’मध्येही त्यांची टिपणे नियमित येऊ लागली. आयुष्याच्या अखेरच्या दशकात इंग्लंडमधील जी. ई. एम. स्क्यूज यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. स्क्यूज हे लंडनमधील वकील. पाण्याखालच्या कीटकांची नक्कल करणाऱ्या माश्यांचा पुरस्कार करून १९१० च्या आपल्या ग्रंथाने त्यांनी हॅलफर्डपंथीयांचा रोष ओढवून घेतला होता. हॅलफर्ड यांच्या मते कोरडी माशी हाच एकमेव योग्य मार्ग होता. गॉर्डन यांनी मात्र असा सोवळेपणा कधी पाळला नाही. नदीला आणि प्रसंगाला अनुसरून ते ओली माशीही वापरत. मोठ्या माशांसाठी केस व पिसांची ‘बंबलपपी’ नावाची एक लांबट माशी त्यांनी तयार केली होती. लहान माशाचा भास निर्माण करणाऱ्या पुढील काळातील माश्यांची ती एक पूर्वज मानली जाते. हॅलफर्ड आणि स्क्यूज या दोन परस्परविरोधी आचार्यांशी एकाच वेळी स्नेह राखणारा हा गृहस्थ स्वभावतःच कोणत्याही पंथाचा नव्हता.

स्वभाव आणि सहवास

गॉर्डन अंगाने लहानखुरे व कृश होते. ते एकलकोंडे होते, तरी त्यांना माणसांचा तिटकारा असल्याचे पत्रांवरून दिसत नाही. जुन्या मित्रांची, नदीवर भेटलेल्यांची ते आस्थेने विचारपूस करत. त्यांच्या काही मोजक्या छायाचित्रांपैकी एकात त्यांच्यासोबत नदीत उभी असलेली एक तरुण स्त्री दिसते. तिच्याविषयी चरित्रकारांनी बरेच तर्क लढवले, परंतु तिचे नाव आजवर निश्चित झालेले नाही.

माश्या बांधण्याची आपली हातोटी दाखवण्यास ते फारसे उत्सुक नसत. अपवाद ठरले ते लिबर्टी या गावच्या टपाल कार्यालयात काम करणारे रॉय स्टीनरॉड. गॉर्डन यांनी त्यांना आपले तंत्र शिकवले. स्थानिक शिकारी व मासेमार हर्मन ख्रिश्चन हेही त्यांच्या निकटच्या वर्तुळात होते आणि तेही उत्तम माश्या बांधत. ज्या माणसाने आपली विद्या पुस्तकातून मिळवली, त्याने ती पुढे देताना इतका हात आखडता का घ्यावा, हा प्रश्न पडतो. उपजीविकेचे साधन गमावण्याची भीती हे एक संभाव्य कारण आहे.

अखेरची वर्षे

१९१२ मध्ये एम्लिन गिल यांचे आणि १९१४ मध्ये जॉर्ज ला ब्रांश यांचे, अशी कोरड्या माशीवरील दोन अमेरिकी पुस्तके प्रसिद्ध झाली. ला ब्रांश यांचा विषय तर वेगवान पाण्यातील कोरडी माशी हाच होता. ज्या विषयावर गॉर्डन दोन तपांहून अधिक काळ टिपणे लिहीत होते, त्यावरचे ग्रंथ इतरांच्या नावे आले. स्वतः गॉर्डन यांच्या हातून पुस्तक झाले नाही.

फुप्फुसांचा विकार बळावत गेला. तो क्षय असल्याचे सामान्यतः मानले जाते. १९१४–१५ चा हिवाळाही त्यांनी नेव्हरसिंकवरच काढला. अखेरपर्यंत त्यांचा स्टीनरॉड व स्क्यूज यांच्याशी पत्रव्यवहार चालू होता. १ मे १९१५ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. क्विल गॉर्डनचा हंगाम तेव्हा नदीवर सुरू असतो. न्यू यॉर्क शहरातील मार्बल दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

मृत्यूनंतर

गॉर्डन यांचे नाव त्यांच्या निधनानंतर बराच काळ कॅट्सकिलच्या परिसराबाहेर फारसे घेतले जात नव्हते. ‘फॉर्च्यून’ मासिकाचे लेखक जॉन मॅक्डोनल्ड यांनी त्यांची विखुरलेली टिपणे आणि पत्रे गोळा करून १९४७ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित केली. हेच मॅक्डोनल्ड पुढे व्यूहनीती व पोकर यांवरील पुस्तकासाठीही ओळखले गेले. त्यांच्या या संकलनामुळे गॉर्डन यांना मृत्यूनंतर ३२ वर्षांनी वाचक मिळाले, आणि जनक ही पदवीही मुख्यतः त्यानंतर रूढ झाली. ती किती यथार्थ आहे याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. गॉर्डन यांच्या आधी व त्यांच्या बरोबरीने इतरांनीही तरंगत्या माश्या वापरल्या होत्या. परंतु आपल्या नदीवरचा कीटक पाहून आपल्या पाण्यासाठी माशी घडवण्याचे काम त्यांच्याइतक्या सातत्याने त्या काळी अमेरिकेत दुसऱ्या कोणी केल्याचे दिसत नाही. पदवीपेक्षा हा भाग अधिक भक्कम आहे.

त्यांची बांधणी पुढे ‘कॅट्सकिल शैली’ म्हणून नावारूपाला आली. सडपातळ अंग, वुड डकचे उभे दुभागलेले पंख, कडक राखी झालर आणि एकूण विरळपणा ही तिची ओळख. स्टीनरॉड यांनी १९१६ मध्ये याच घडणीची ‘हेंड्रिक्सन’ ही माशी बांधली. ती क्विल गॉर्डनइतकीच प्रसिद्ध झाली. त्यानंतरच्या पिढीत रूबेन क्रॉस यांचे नाव मोठे झाले. त्यांनीही आपले तंत्र शिकवण्यास नकार दिला, तेव्हा रॉस्को गावच्या वॉल्ट डेट यांनी क्रॉस यांच्या माश्या विकत घेऊन त्यांचा एकेक वेढा उलट उलगडत तंत्र आत्मसात केले. वॉल्ट व विनी डेट आणि हॅरी व एल्सी डार्बी या दोन दांपत्यांनी पुढे अनेक दशके ही परंपरा चालवली. वुड डकची संख्या घटल्याने १९१८ पासून १९४१ पर्यंत अमेरिकेत त्याच्या शिकारीवर बंदी होती. त्या काळात पंखांसाठी दुसऱ्या बदकांची पिसे रंगवून वापरावी लागली.

१९६० च्या दशकात न्यू यॉर्क येथे स्थापन झालेली ‘थिओडोर गॉर्डन फ्लायफिशर्स’ ही संस्था नद्यांच्या संरक्षणासाठी काम करते. विलोविमॉक नदीकाठी लिव्हिंगस्टन मॅनर येथे कॅट्सकिलच्या मासेमारीचे संग्रहालय आहे. गॉर्डन यांनी स्वतः बांधलेल्या म्हणून खात्रीने सांगता येतील अशा माश्या अत्यल्प उरल्या आहेत. बहुतेक ज्या कामासाठी बांधल्या होत्या त्याच कामी आल्या आणि पाण्यात हरवल्या.

न्यू यॉर्क शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी नेव्हरसिंक नदीवर धरण बांधण्याचे काम १९४१ मध्ये सुरू झाले. महायुद्धामुळे ते रेंगाळले आणि १९५३ मध्ये पूर्ण झाले. नेव्हरसिंक व बिटरस्वीट ही जुनी गावे आणि गॉर्डन जेथे मासे धरत त्या नदीचा मोठा भाग आज या जलाशयाखाली आहे. धरणाच्या तळाशी असलेल्या दारांतून थंड पाणी सोडले जात असल्याने खालच्या पात्रात तपकिरी ट्राउट अजूनही आढळतो.